जुन्या जर्मन ईपीएबीएक्सवर आयएसडीएन कार्ड चालवताना

संगणकात आयएसडीएन कार्ड (साध्या टेलिफोनच्या तारांवरून डिजिटल बोलणं आणि डेटा नेणाऱ्या जुन्या सेवेचं कार्ड) बसवलं, ड्रायव्हर चढला, बाहेर फोन लावला तर लगेच लागला. खूश होऊन मोबाइलवरून आपलाच नंबर फिरवून बघितला, तर कार्ड ढिम्म. जुन्या जर्मन ईपीएबीएक्सवर, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्सचेंजवर, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता कुणी "अर्धं चालतंय" म्हणालं की मी ड्रायव्हरची चौकशीच करत नाही. विचारतो एवढंच, की बाबा रे, तुझ्या कार्डाने स्वतःचा नंबर काय सांगितलाय?

मी मानहाइमला राहतो. १९८७ मध्ये जर्मन टपाल खात्याने आयएसडीएनची चाचणी ज्या दोन शहरांत सुरू केली त्यांतलं हे एक, दुसरं स्टुटगार्ट. १९८९ पासून ही सेवा रीतसर विकायला सुरुवात झाली आणि जर्मन माणसाने ती अशी काही उचलून धरली की छोट्या दवाखान्यात, सुताराच्या वर्कशॉपमध्ये, घरातसुद्धा आयएसडीएन आलं. सुरुवातीला लोक नाकं मुरडायचे. आयएसडीएन या अक्षरांचा इथला जुना विनोदी विस्तार आहे 'इस्ट झोवास डेन न्योटिश', म्हणजे 'असलं काही लागतं का हो?' पुढे टेलिकॉम कंपन्यांनी सगळ्या लाइनी इंटरनेटवर नेल्या आणि ही यंत्रं तळघरांत जाऊन पडली. आता ती जुन्या बाजारात मातीमोल भावाने मिळतात. कुणाला जुन्या यंत्राच्या संगणकातला डेटा काढायचा असतो, कुणाला फॅक्स सर्व्हर अजून दोन वर्षं ओढायचा असतो, आणि माझ्यासारख्या काहींना नुसती हौस असते.

पुढचं सगळं क्रमाने करा. उड्या मारल्या की संध्याकाळ फुकट जाते, हे अनुभवाने सांगतो.

आधी वायर

एक्सचेंजकडून दोन तारा येतात. त्या एनटीबीए नावाच्या पांढऱ्या डबीत जातात. डबीच्या दुसऱ्या बाजूला चार तारांची 'एस-नल' बस निघते. (नल म्हणजे शून्य. इथे सगळे तसंच म्हणतात, मीही म्हणतो.) या बसवर ६४ किलोबिटचे दोन बी-चॅनेल आणि १६ किलोबिटचा एक डी-चॅनेल चालतो. बोलणं आणि डेटा बी-चॅनेलवरून जातात. कोण कुणाला फोन करतंय, उचलला की नाही, ठेवला की नाही, हा सगळा संवाद डी-चॅनेलवर होतो. आपली नव्वद टक्के डोकेदुखी डी-चॅनेलवरच असते.

एका बसवर बारापर्यंत सॉकेट आणि आठपर्यंत उपकरणं चालतात. साध्या बसची लांबी दीडशे मीटरच्या आत ठेवायची. प्लग आपल्या नेटवर्क केबलचाच, आठ पिनांचा, पण वापरात मधल्या चारच पिना, ३ ते ६. सरळ जोडणीची नेटवर्क केबल बिनधास्त चालते. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये स्क्रूंवर १ए, १बी, २ए, २बी असं लिहिलेलं असतं: पहिली जोडी पिन ४ आणि ५ वर, दुसरी ३ आणि ६ वर. प्लग सारखाच असल्यामुळे एस-नलची केबल लॅपटॉपच्या नेटवर्क पोर्टात घुसवण्याचा मोह मात्र टाळा. दोन जोड्यांच्या मध्ये सुमारे ४० व्होल्ट असतात.

बसच्या दोन्ही टोकांना प्रत्येक जोडीवर १०० ओहमचा रेझिस्टर हवा. एका टोकाचे रेझिस्टर बहुधा एनटीबीएच्या किंवा ईपीएबीएक्सच्या आतच असतात, दुसऱ्या टोकाचे शेवटच्या सॉकेटमध्ये बसवतात. तपासायची रीत अशी. एनटीबीए, ईपीएबीएक्स, फोन, कार्ड, जे जे लागलंय ते सगळं बसवरून काढा. फक्त भिंतीतली वायर उरली पाहिजे. मल्टिमीटर ओहमवर ठेवून १ए आणि १बी मध्ये लावा, मग २ए आणि २बी मध्ये. दोन्हीकडे १०० च्या आसपास आलं तर उत्तम. ५० आलं तर कुणीतरी मधल्या सॉकेटमध्येही रेझिस्टर घालून ठेवलेत. काहीच आलं नाही तर रेझिस्टर नाहीत किंवा तार तुटली आहे. उपकरणं न काढता मोजलं तर आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे आकडा अगदी छोटा येतो आणि आपण उगाच शॉर्ट शोधत बसतो. मी एक अख्खा रविवार असा घालवला आहे. शेवटी बायकोने येऊन विचारलं, "तो फोन अजून प्लगमध्ये आहे, तो चालतो का?"

एनटीबीएला विजेचा प्लगही असतो. तो लावला नाही तर बसवरून वीज घेणारे फोन चालत नाहीत. संगणकातल्या कार्डाला त्याची गरज नाही, ते स्वतःच्या विजेवर चालतं.

ईपीएबीएक्सच्या मागे मात्र नीट बघा. तिथे एकसारखे दिसणारे तीन प्रकारचे पोर्ट असू शकतात. ए/बी म्हणजे साध्या, जुन्या पद्धतीच्या फोनसाठी. एस-नल, तोही दोन तऱ्हेचा: बाहेरचा, जो एनटीबीएला जोडायचा, आणि आतला, ज्यावर फोन आणि कार्ड लागतात. तिसरा 'यूपी-नल', दोन तारांचा, कंपनीच्या स्वतःच्या डिजिटल फोनसाठी. यूपी-नलमध्ये आयएसडीएन कार्ड लावलं तर काही जळत नाही, पण चालतही नाही. आपल्याला हवा तो आतला एस-नल. काही मॉडेलांत एकच पोर्ट छोट्या स्विचने आतला किंवा बाहेरचा करता येतो. झाकण उघडून त्या स्विचची दिशा डोळ्याने बघून घ्या.

लाइन कुठली बोली बोलते

जर्मनीत डी-चॅनेलच्या दोन बोली, म्हणजे प्रोटोकॉल, होत्या. सुरुवातीची देशी बोली म्हणजे १टीआर६. मग १९९३-९४ च्या सुमारास युरोपभर एकच असलेली डीएसएस१ आली, तिलाच युरो-आयएसडीएन म्हणतात. टेलिकॉमने बरीच वर्षं दोन्ही चालू ठेवल्या. त्यामुळे १९९० च्या आसपासची ईपीएबीएक्स १टीआर६ बोलणारी असू शकते, आणि बाहेर डीएसएस१ पण आतल्या बसवर १टीआर६ अशीही असू शकते. मोठ्या कंपन्यांच्या काही सिस्टिम तर आत तिसरीच, स्वतःची बोली बोलतात. अशा वेळी आतला एस-नल डीएसएस१ वर टाकायची सोय प्रोग्रॅमिंगमध्ये आहे का, हे पाहणं हा एकच शहाणपणाचा मार्ग.

चुकीची बोली निवडली की गंमत होते. लाइन जिवंत दिसते. खालचे दोन थर (तारेवरचा सिग्नल आणि पत्त्याची देवाणघेवाण) दोन्ही बोलींत जवळजवळ सारखे, म्हणून कार्ड आणि एक्सचेंज एकमेकांना नमस्कार करतात, पत्ता देतात-घेतात. पण 'मला अमुक नंबर लाव' हा निरोप गेला की समोरून उत्तर नाही. तुमच्याकडे डी-चॅनेलचा ट्रेस दाखवणारं साधन असेल तर निरोपाच्या पहिल्याच बाइटवर नजर टाका. तो ०८ असेल तर डीएसएस१, ४० किंवा ४१ असेल तर १टीआर६. (हे आकडे सोळाच्या पायातले.) येणारा एक कॉल पकडला की दोन मिनिटांत निकाल लागतो.

आणखी एक घोळ आधीच मिटवतो. जर्मनीत कॉल नसताना लाइनचा सर्वांत खालचा थर झोपवून ठेवण्याची पद्धत होती. त्यामुळे रिकाम्या वेळी 'थर १ बंद' असं दिसलं तर घाबरू नका. फोन उचलून डायल टोन घ्या आणि मग बघा.

नंबरची भानगड

हा या लेखाचा गाभा, म्हणून जरा सावकाश जातो.

साध्या फोनला स्वतःचा नंबर माहीत नसतो. तार त्याच्यापर्यंत आली म्हणजे तो त्याचा. एस-नल बसवर मात्र आठ उपकरणं एकाच तारेला लोंबकळत असतात. एक्सचेंज सगळ्यांना ओरडून सांगतं: "अमुक नंबरसाठी, अमुक प्रकारचा कॉल आलाय." ज्याचा तो नंबर असेल त्याने उत्तर द्यायचं. चाळीत पोस्टमन खालच्या चौकात उभा राहून नाव पुकारायचा तसं. आपल्याला काय नावाने पुकारलं जाणार हेच कार्डाला माहीत नसेल तर ते गप्प राहणार, त्यात त्याची काय चूक?

आता हे 'नाव' जागेप्रमाणे बदलतं.

१टीआर६ वर ते एकच आकडी असतं. त्याचं जर्मन नाव 'एंडगेरेटे-आउसवाल-त्सिफर', सगळे ईएझेड म्हणतात. तो फोन नंबरचा शेवटचा आकडा. शून्य हा सगळ्यांना मिळून असतो, म्हणजे ० ला आलेला कॉल बसवरच्या सगळ्या उपकरणांना वाजतो. कार्डात पूर्ण नंबर भरून ठेवलात तर तो कधीच जुळणार नाही.

डीएसएस१ वर नाव म्हणजे एमएसएन, पूर्ण नंबर, पण शहराचा कोड वगळून. मानहाइमचा कोड ०६२१. तो एमएसएनच्या रकान्यात घातला की येणारे कॉल गेलेच समजा. आपल्याकडे पुण्याचा नंबर सांगताना ०२० जिभेवर येतंच, तसं इथेही हात आपोआप कोड टाकतो.

आणि ईपीएबीएक्सच्या आतल्या बसवर नाव म्हणजे एक्स्टेंशन नंबर: ११, २२, ३१, जे काही त्या सिस्टिममध्ये ठरवलं असेल ते. बाहेरच्या जगाला तुमचा नंबर सहा आकडी असला तरी आतल्या बसवर ईपीएबीएक्स फक्त "बावीस!" असं पुकारते. टेलिकॉमच्या बिलावरचा नंबर पाहून तो कार्डात भरणारे लोक इथेच अडकतात.

मग बाहेर जाणारा कॉल कसा लागतो? कारण जाताना तुम्ही चुकीचं नाव सांगितलंत तर एक्सचेंज ते गुपचूप बदलून त्या लाइनचा पहिला नंबर लावतं आणि कॉल पुढे पाठवतं. भांडण नाही, तक्रार नाही. म्हणून 'बाहेर जातोय म्हणजे सेटिंग बरोबर' हा निष्कर्ष खोटा. नंबर बरोबर आहे की नाही हे फक्त येणारा कॉल सांगतो. काही ईपीएबीएक्स कडक असतात, त्या अनोळखी नावाला बाहेरही सोडत नाहीत. खरं सांगू, त्या परवडल्या.

डीएसएस१ मध्ये आणखी एक भेद आहे. 'मेअरगेरेटेआनश्लुस' म्हणजे अनेक उपकरणांची लाइन. तिला नेहमी तीन एमएसएन मिळत, वाढवून दहापर्यंत. 'आनलागनआनश्लुस' म्हणजे फक्त ईपीएबीएक्ससाठीची लाइन, नंबरांच्या सलग गटासकट. दुसऱ्या प्रकारावर एकच उपकरण बसू शकतं. तिथे फोन आणि कार्ड शेजारी शेजारी लावायला गेलात तर एक चालेल, एक नाही, आणि कुठलं चालेल ते रोज बदलेल. अशी लाइन असेल तर कार्ड थेट एनटीबीएवर नको, ईपीएबीएक्सच्या आतल्या बसवरच लावा.

ईपीएबीएक्सला काय सांगायचं

ऑएर्सवाल्ड असो, आगफेओ असो की टेलिकॉमचीच ऑयमेक्स, प्रोग्रॅमिंगचे रस्ते वेगळे पण करायची कामं तीच. आतल्या एस-नलवर एक मोकळं एक्स्टेंशन तयार करा, समजा २२. त्याचा प्रकार डेटा किंवा सर्वसाधारण ठेवा. 'टेलिफोन' ठेवलात तर डेटाचे कॉल त्याच्यापर्यंत पोचवलेच जात नाहीत, कारण आयएसडीएनमध्ये प्रत्येक कॉलवर तो बोलण्याचा आहे की डेटाचा याचा शिक्का असतो. मग बाहेरचा कुठला नंबर या एक्स्टेंशनवर यावा ते जोडा. आणि परवानगी द्या. बाहेर फोन करायची मुभा पूर्ण, अर्धी किंवा अजिबात नाही, अशा पायऱ्या असतात आणि नवीन एक्स्टेंशनला बहुधा सगळ्यात खालची मिळते.

राहता राहिला शून्य. आपल्या ऑफिसांत बाहेरची लाइन घ्यायला शून्य दाबतात, तसंच इथेही. पण बऱ्याच सिस्टिममध्ये एक्स्टेंशनला 'आपोआप बाहेरची लाइन' देता येते. दोन्ही एकदम केलंत तर काय होतं पाहा. टी-ऑनलाइन या इंटरनेट सेवेचा जुना डायल-इन नंबर होता ०१९१०११. आपण पुढे शून्य लावून ००१९१०११ फिरवतो. लाइन आधीच बाहेरची असेल तर एक्सचेंजला अख्खा ००१ दिसतो, म्हणजे परदेशी कॉल, थेट अमेरिका! तो अर्थातच लागत नाही आणि संगणक नुसतं 'चुकीचा नंबर' म्हणतो. तेव्हा ठरवा: एक तर शून्य, नाहीतर आपोआप. मी शून्याच्या बाजूचा आहे, कारण मग आतल्या एक्स्टेंशनना फोन करणं सरळ राहतं. मोडेमच्या काळात शून्यानंतर थांबण्यासाठी स्वल्पविराम टाकायची सवय होती, ती सोडा. आयएसडीएन पूर्ण नंबर एका दमात पाठवतं.

विंडोजवर

विंडोज २००० किंवा ३२-बिट एक्सपी असलेला जुना संगणक शोधा. नव्या विंडोजवर ही जुनी कार्डं बसवण्याच्या नादात वेळ घालवू नका. कार्डांत एव्हीएम कंपनीचं फ्रिट्झकार्ड पीसीआय सगळ्यात सहज मिळतं.

ड्रायव्हर बसवताना डी-चॅनेलची बोली विचारतो. इथे वरचा निकाल भरा. विंडोजच्या स्वतःच्या आयएसडीएन विझार्डमध्येही युरोपीय डीएसएस१ आणि जर्मन १टीआर६ असे पर्याय दिसतात. पुढच्या पानावर नंबर मागतो, तिथे एक्स्टेंशन २२, बस्स, एवढंच.

ड्रायव्हरबरोबर 'कॅपी' नावाचा थर येतो. फॅक्स, बँकिंग, टेलिफोन आन्सरिंग, सगळे प्रोग्रॅम त्याच्याशी बोलतात. कॅपी १.१ ही १टीआर६ च्या जमान्यातली, कॅपी २.० युरो-आयएसडीएनसाठीची. डॉसच्या काळातला एखादा प्रोग्रॅम हट्टाने ईएझेड, म्हणजे एकच आकडा मागत असेल तर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये कुठला आकडा म्हणजे कुठला एमएसएन याचं कोष्टक भरायची जागा असते. तिथे १ समोर २२ लिहा. ही जागा शोधण्याआधी मी तो प्रोग्रॅम तीनदा पुन्हा बसवला होता.

आता बी-चॅनेलची बोली. इंटरनेटसारख्या जोडणीसाठी एचडीएलसीवर पीपीपी. जुन्या जर्मन मेलबॉक्स, म्हणजे बुलेटिन बोर्ड, आणि फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमना एक्स.७५. एव्हीएमच्या खोट्या मोडेमांच्या यादीत ही नावं चक्क लिहिलेली असतात, त्यातून योग्य ते उचलायचं. दोन्ही टोकांना एकच बोली हवी. वेगळी असेल तर कॉल उचलला जातो आणि मग भयाण शांतता.

लिनक्सवर

मला लिनक्स जास्त आवडतं, कारण ते लपवत नाही. मात्र कर्नल जुना हवा. आयएसडीएन-फोर-लिनक्स हा मूळ संच कर्नल ५.३ मध्ये, २०१९ साली काढून टाकला गेला. २.४ किंवा २.६ चा कर्नल असलेलं जुनं डेबियन घ्या, आयएसडीएन-युटिल्सचं पॅकेज बसवा. खालच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, की-बोर्डवर अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.

ड्रायव्हरचं नाव हायसॅक्स. फ्रिट्झकार्ड पीसीआयसाठी: मॉडप्रोब हायसॅक्स, टाइप=२७, प्रोटोकॉल=२. प्रोटोकॉल १ म्हणजे १टीआर६, २ म्हणजे डीएसएस१. टाइप हा कार्डाचा प्रकार. जुन्या टेलेस १६.३ साठी तो ३ असतो आणि त्या कार्डाला वर आयओ पत्ता आणि आयआरक्यूही सांगावा लागतो. ते आकडे कार्डावरच्या जंपरवरून आणि बायोसमधून घ्यायचे.

ड्रायव्हर चढला की पुढचं काहीही करण्याआधी सर्वांत उपयोगी चाचणी करा. दुसऱ्या फोनवरून या एक्स्टेंशनला फोन लावा आणि कर्नलचा लॉग बघा. अशा अर्थाची एक ओळ येईल: 'कॉल फ्रॉम ११,१,० -> २२ इग्नोर्ड'. ही ओळ म्हणजे सोनं आहे. पहिला आकडा फोन करणाऱ्याचा. स्वल्पविरामानंतरचा १ म्हणजे बोलण्याचा कॉल, तिथे ७ असेल तर डेटाचा. आणि बाणानंतर जे छापून आलंय तेच तुमचं नाव, एक्सचेंजच्या तोंडून. २२ आलं तर २२ लिहा, ६ आलं तर ६ लिहा, सहा आकडी आलं तर सहा आकडी. 'इग्नोर्ड' म्हणजे दुर्लक्ष केलं. ते ठीकच आहे, कारण अजून आपण कुणाला हे नाव दिलेलंच नाही. माहितीपुस्तिका काय म्हणते, विकणारा काय म्हणाला, बिलावर काय आहे, सगळं विसरा. ही ओळ काय म्हणते ते बघा.

ही ओळ आलीच नाही, तर कॉल कार्डापर्यंत पोचलेला नाही. मग परत वायर, बोली आणि ईपीएबीएक्समधली जोडणी.

आता दोन संगणकांत जोडणी तयार करू, दुसरा समजा एक्स्टेंशन २३ वर आहे. सगळ्या कमांड आयएसडीएनसीटीआरएल या एकाच साधनाच्या. ॲडइफ आयपीपीपी० ने इंटरफेस तयार होतो. ईएझेड आयपीपीपी० २२ ने त्याला नाव मिळतं. कमांडचं नाव ईएझेड असलं तरी एमएसएन किंवा एक्स्टेंशनही इथेच. ॲडफोन आयपीपीपी० आउट २३ म्हणजे फोन कुणाला लावायचा. एनकॅप आयपीपीपी० सिंकपीपीपी आणि एल२_प्रोट आयपीपीपी० एचडीएलसी ही बी-चॅनेलची बोली. ॲडफोन आयपीपीपी० इन २३ ने कुणाचा कॉल घ्यायचा ते सांगा आणि सिक्युअर आयपीपीपी० ऑन करा, म्हणजे बाकी कुणाला दार उघडणार नाही.

हपटाइमआउट म्हणजे किती सेकंद शांतता असली की फोन ठेवायचा. आणि डायलमोड मॅन्युअल ठेवा. ऑटो ठेवलंत की नेटवर्कवरचं कुठलंही पॅकेट बाहेर जायला निघालं की कार्ड आपणहून फोन लावतं, आणि आयएसडीएनवर फोन लागायला सेकंद-दोन सेकंद, ना टूं-टूं ना खरखर. कुणाला कळतसुद्धा नाही. मी इथे आलो तेव्हा ज्या छोट्या ऑफिसात होतो तिथे एका संगणकाला दर काही मिनिटांनी कुठलंसं नाव शोधायची खोड होती. प्रत्येक वेळी कॉल, प्रत्येक कॉलला बिलाचं निदान एक युनिट, दिवसरात्र, शनिवार-रविवार धरून. महिन्याचं बिल पाकिटात मावलं नव्हतं. मालकाने ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता कॉफी आणायला गेला.

शेवटी आयपीपीपीडी, म्हणजे पीपीपी जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम, सुरू करा, दोन्ही टोकांचे आयपी पत्ते द्या, समजा १९२.१६८.५०.१ आणि १९२.१६८.५०.२. दुसऱ्या संगणकावर हेच उलट: नाव २३, आउट २२. मग आयएसडीएनसीटीआरएल डायल आयपीपीपी०. पिंगला तीस-चाळीस मिलिसेकंदांत उत्तर यायला लागलं की एकदा चहा ठेवा. एक एमबीची फाइल सव्वादोन मिनिटांत जाते, चहाला पुरेसा वेळ आहे.

दोन्ही बी-चॅनेल जोडून १२८ किलोबिट करायचे असतील तर ॲडस्लेव्हने दुसरा इंटरफेस जोडा आणि आयपीपीपीडीला मल्टिलिंकचा पर्याय द्या. पण दोन्ही संगणक एकाच एस-नल बसवर असतील तर जमणार नाही. कॉल ईपीएबीएक्सपर्यंत एका चॅनेलने जातो आणि दुसऱ्या चॅनेलने परत येतो, बस तिथेच भरली. दोन वेगळे एस-नल पोर्ट असतील तरच हा खेळ.

कोड वाचायला शिका

आयएसडीएन नापास झालं तर कारण सांगून नापास होतं, हा त्याचा मोठेपणा. विंडोजवर कॅपीचे कोड येतात. ३३०१ म्हणजे पहिला थर, सरळ केबलकडे जा. ३३०२ म्हणजे वायर आहे पण पत्त्याची देवाणघेवाण होत नाही: आनलागनआनश्लुस तर नाही ना? ३३०३ आलं तर बोली तपासा. ३४ ने सुरू होणारे कोड मात्र एक्सचेंजचे किंवा ईपीएबीएक्सचे शब्द असतात. ३४९० म्हणजे फोन रीतसर ठेवला. ३४९१ म्हणजे नंबर गुंतला आहे. ३४९सी नंबरचा साचा चुकला, बघा शून्याचं काय झालंय. ३४ए२ म्हणजे चॅनेल मोकळा नाही. ३४डी८ म्हणजे कॉल पोचला पण त्या प्रकारचा कॉल घेणारं तिथे कुणी नाही.

लिनक्सवर हीच कारणं ई००१०, ई००११, ई००१सी, ई००२२, ई००५८ अशी दिसतात. शेवटच्या दोन अक्षरांत ८० (सोळाच्या पायात) मिळवलं की वरचे कोड. सगळ्यात वारंवार भेटणारा ५८. तो आला की दोनच जागा: समोरच्या संगणकातलं नाव, आणि ईपीएबीएक्समधला एक्स्टेंशनचा प्रकार.

खरी लाइनच नसेल तर

आता जर्मनीत नवीन एनटीबीए कुणी देत नाही. ईपीएबीएक्सच्या बाहेरच्या एस-नलला काहीतरी खुराक हवा असेल तर आतल्या एस-नल पोर्टाचा राउटर घ्या, फ्रिट्झबॉक्स ७४९० किंवा ७५९०. त्याचा एस-नल ईपीएबीएक्सच्या बाहेरच्या पोर्टात गेला की ईपीएबीएक्सला वाटतं आपण एनटीबीएवरच आहोत. राउटरमध्ये भरलेले इंटरनेट नंबर आता एमएसएन होतात. बोली अर्थात डीएसएस१, १टीआर६ चं मशीन इथे नुसतं बघत बसेल. बोलणं चालतं, फॅक्सही बऱ्यापैकी चालतो. डेटाचे ६४ किलोबिटचे कॉल मात्र इंटरनेट टेलिफोनीतून बहुतेक ठिकाणी पलीकडे जात नाहीत. तेव्हा डेटासाठी ईपीएबीएक्सच्या आतल्या आत, २२ वरून २३ ला, एवढीच हौस भागवायची.

फक्त फॅक्सच हवा असेल तर कार्डाचीही गरज नाही. फ्रिट्झबॉक्सला लावलेल्या फोनवरून #९६*३* फिरवा, तो नेटवर्कवरून कॅपी द्यायला लागतो, पोर्ट ५०३१. बंद करायला #९६*२*. फॅक्स प्रोग्रॅममध्ये नंबरच्या रकान्यात राउटरमध्ये जसा नोंदला असेल तसाच नंबर भरायचा.